स्टिकर निघाला, चिकटा राहिला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीची हळदीकुंकवं संपली की आमच्या ओट्यावर वाणाची रांग लागते. स्टीलच्या वाट्या, डब्या, चहाची गाळणी, एखादा प्लास्टिकचा डबा. आणि प्रत्येक वस्तूच्या बरोब्बर मधोमध एक स्टिकर. नखाने काढायला जावं तर वरचा कागद सोलून हातात येतो, खालचा पांढरट थर तिथेच राहतो, आणि दोन दिवसांत त्यावर धूळ बसून तो काळाकुट्ट होतो. शेजारणींनी, भाच्यांनी, ऑफिसातल्या मंडळींनी या चिकट्याबद्दल मला जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे खरी, पण यातलं निम्मं ज्ञान वस्तू खराब करून मिळवलेलं आहे.

पाण्याने आणि साबणाने हा चिकटा का जात नाही?

कारण तो पाण्यात विरघळणाऱ्या जातीचाच नाही. पतंगाला लावायची कणकेची खळ किंवा बाभळीचा डिंक वाळून कडक होतो आणि पाणी लागलं की पुन्हा मऊ पडतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंदही भिजवून ठेवला तर निदान ढिला होतो. स्टिकरचा गोंद निराळा. त्यात रबर किंवा ॲक्रिलिक जातीचं पॉलिमर असतं आणि चिकटपणा वाढवायला राळेसारखे पदार्थ घातलेले असतात. तो कधी वाळतच नाही, कायम घट्ट पाकासारखा राहतो. नुसता दाबला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरून बसतो. अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये अशी दाबून चिकटणारी लेबलं बनवायला घेतली आणि आज त्यांच्यावाचून एकही वस्तू दुकानातून बाहेर पडत नाही.

रबर आणि राळ दोन्ही तेलाच्या गोत्रातली. म्हणून पाणी वरून घरंगळून जातं आणि तेल आत मुरतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

एवढं नको. एकच उपाय सांगा.

खोबरेल तेल.

आधी वरचा कागद निघेल तेवढा काढून टाका. उरलेल्या चिकट्यावर बोटाने तेलाचा जाडसर थर द्या आणि वीस मिनिटं विसरून जा. हे विसरणं महत्त्वाचं. लोक तेल लावतात आणि लगेच घासायला बसतात. तेलाला आत शिरून गोंद फुगवायला वेळ लागतो. मग जुन्या चिंधीने गोल गोल चोळा. गोंदाच्या बारीक वळ्या होऊन येतील. शेवटी भांड्याचा साबण आणि गरम पाणी, नाहीतर तेलाचाच थर राहतो आणि तुम्ही म्हणता चिकटा गेलाच नाही.

शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, कुठलंही खायचं तेल चालतं. खोबरेल मी सांगते ते फक्त ते बाथरूममध्ये, हाताशी असतं म्हणून. डिसेंबर-जानेवारीत ते थिजलेलं असतं (साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं), तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. थिजलेलं तेल मुरत नाही.

तेलाने नाही निघालं तर पुढे काय?

माझा क्रम असा: ऊब, मग तेल, मग स्पिरिट, आणि अगदीच नाइलाज झाला तर ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं ते. प्रत्येक पायरीला थांबून एक प्रश्न विचारायचा: खाली काय आहे? चिकटा काढणारी द्रव्यं घरात डझनभर सापडतील. चिकट्याबरोबर खालची वस्तूही नेणारी त्यातली निम्मी आहेत. स्टील आणि काच यांना यातल्या कशानेही काही होत नाही, तिथे बिनधास्त असा. प्लास्टिक, पॉलिश केलेलं लाकूड, कागद, रंगवलेला पत्रा या चौघांजवळ जाताना आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाच मिनिटं थांबा. कापूस रंगला किंवा जागा चिकट, धुरकट झाली तर ते द्रव्य त्या वस्तूचं नाही.

नव्या स्टीलच्या भांड्यावरचा स्टिकर अख्खा निघावा यासाठी काही युक्ती?

आहे, आणि ती भांड्यांच्या दुकानातले लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत: पाठीमागून ऊब. स्टिकर बाहेरच्या बाजूला असेल तर भांड्यात गरम पाणी स्टिकरच्या वरपर्यंत भरा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग एक कोपरा नखाने उचलून स्टिकर स्वतःवरच दुमडत, हळूहळू, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. झटका दिला की कागद फाटतो. ताट, ताटली, झाकण यांत पाणी भरता येत नाही. त्यांची स्टिकर नसलेली बाजू मंद गॅसवर दहा-बारा सेकंद हलवत धरा, चिमट्याने. मे महिन्यात तर गॅसही नको, ताट पंधरा मिनिटं गच्चीत उन्हात ठेवलं की काम होतं.

इथे एक मेख आहे. ऊब बेताची हवी, हात लावता येईल इतपत. भांडं फार तापलं तर गोंद इतका पातळ होतो की कागद सुटून येतो आणि गोंद सगळा भांड्यावर राहतो. म्हणजे जे टाळायचं होतं तेच. तसं झालं तर तेलाकडे वळा.

तारेची घासणी मात्र दूर ठेवा. नव्या चकचकीत स्टीलवर तिचे ओरखडे कायमचे राहतात, आणि लोखंडी तारेचे कण अडकले तर पुढे तिथे तांबूस ठिपके दिसतात. मग लोक म्हणतात स्टील हलकं निघालं.

हीच युक्ती स्टीलच्या थर्मासला किंवा पाण्याच्या बाटलीला?

चालत नाही, आणि का ते लक्षात घेतलंत तर हसू येईल. आत उकळतं पाणी ओतून बाहेरचा स्टिकर गरम व्हायची वाट पाहणाऱ्यांत मीही होते. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, ऊब बाहेर येऊ नये हाच तर त्या बाटलीचा धंदा! तिथे हेअर ड्रायर वापरा किंवा गरम पाण्यात पिळलेलं फडकं स्टिकरवर बाहेरून गुंडाळा. असली बाटली गॅसच्या ज्योतीवर मात्र कधीही धरू नका. ती बंद पोकळी आहे, तापवली तर फुटू शकते.

तासभर तेल लावून ठेवलं, काहीच फरक नाही. असं का?

तीन कारणं असू शकतात. एक, स्टिकरचा वरचा पापुद्रा प्लास्टिकचा आहे, त्यातून तेल आत जातच नाही. तो आधी सोलायला हवा, निदान त्यावर सुरीने चिरा पाडायला हव्यात. दोन, गोंद जुना झाला आहे. रबरी गोंद हवेने आणि उन्हाने पिवळा पडून कडक होतो. दहा वर्षं खिडकीच्या काचेवर असलेला स्टिकर तेलाला दाद देत नाही. तीन, गोंद ॲक्रिलिकचा आहे. रबरी गोंदाला तेल, रॉकेल, टर्पेंटाइन लवकर मानवतं, ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा ॲसिटोन. म्हणूनच एकाच दुकानातल्या दोन डब्यांवर एकच उपाय वेगवेगळा वागतो. कुठला गोंद आहे हे नुसतं बघून कळत नाही. तेल हरलं की स्पिरिट, एवढं धोरण पुरे.

आणि एक साधी गोष्ट, बिनरसायनाची: चिकटपट्टीचा तुकडा उरलेल्या चिकट्यावर घट्ट दाबून चटकन उचला. आठ-दहा वेळा. चिकट्याला चिकटाच ओढतो. लहान ठिपके बहुतेकदा एवढ्यानेच जातात.

आमच्याकडे आजी सगळ्याला रॉकेल लावायची. ते चालतं का?

चालतं, आजीचं काही चुकत नव्हतं. रबरी गोंदावर रॉकेल तेलापेक्षा पुष्कळ वेगाने काम करतं. त्या काळी ते प्रत्येक घरात स्टोव्हसाठी असायचंच. आता रेशनचं निळं रॉकेल मिळणं दुर्मीळ झालंय, पण कुणाकडे डबा असतो अजून.

अडचण वासाची आणि आगीची. लाकूड आणि प्लास्टिक रॉकेल शोषून घेतात, तो वास महिनोन्महिने जात नाही. लोणच्याच्या बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणाला रॉकेल लावलंत तर पुढच्या वर्षीच्या कैरीपर्यंत पस्तावाल. काच आणि स्टील यांच्या बाहेरच्या बाजूला लावायला हरकत नाही, नंतर साबणाने दोनदा धुवायचं.

आणि पेट्रोल?

नाही. घरात अजिबात नाही.

लोक रॉकेल आणि पेट्रोल यांना भावंडं समजतात, पण ज्या तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते पाहा: रॉकेलचं साधारण ३८ अंश सेल्सियस, पेट्रोलचं उणे ४० च्या आसपास. म्हणजे पेट्रोलची वाफ आपल्याकडे कुठल्याही ऋतूत, कुठल्याही खोलीत पेटायला तयारच असते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या निरांजनापर्यंत पोचते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ज्याने कर्करोग होतो. एका स्टिकरसाठी एवढं नको. ॲसिटोनही या बाबतीत सज्जन नाही, त्याचा आकडा उणे २० च्या जवळपास आहे. फरक इतकाच की ते आपण चमचाभर वापरतो. सॅनिटायझर आणि स्पिरिटचा आकडा पंधराच्या मागेपुढे. नागपूरच्या मे महिन्यात तर रॉकेलही आपला आकडा गाठतं, हेही लक्षात असू द्या. तेव्हा खायचं तेल सोडून काहीही वापरताना गॅस बंद, उदबत्ती विझवलेली, खिडकी उघडी.

नेलपॉलिश रिमूव्हरने चिकटा झटक्यात जातो. मग आधी तेच का सांगत नाही?

कारण एकदा मी ते आईच्या डाळीच्या पारदर्शक डब्याला लावलं होतं. सहा डब्यांचा सेट, तिने हौसेने घेतलेला. चिकटा गेला, तो खरंच झटक्यात गेला. त्याच्या जागी पांढरट, खरबरीत, कापसाचे धागे रुतलेला एक डाग उमटला. ते प्लास्टिकच विरघळलं होतं. तो डबा आजही आहे, डाग भिंतीकडे करून.

रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. त्यात थर्माकोल (म्हणजे पॉलिस्टायरीन) टाकून बघा, मुलांना दाखवायला छान प्रयोग आहे: मूठभर तुकडे चमचाभर द्रवात बसतात. तेच पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक आपल्या घरात पारदर्शक डबे, फ्रीजमधले कप्पे, सीडीची कव्हरं, स्वस्त फोटोफ्रेमची 'काच' या रूपांत सगळीकडे आहे. चष्म्याच्या काड्या, टीव्हीची कड, स्विचबोर्ड, रिमोट, यांनाही ॲसिटोन नको.

'ॲसिटोन नाही' असं लिहिलेली बाटली त्यामानाने सुरक्षित असेल असं वाटतं. ते नखांच्या दृष्टीने. त्यात बहुतेकदा एथिल ॲसिटेट असतं आणि या प्लास्टिकांना तेही खातं.

मग ॲसिटोन कुठे वापरायचं? स्टील, काच, चिनी मातीची भांडी, चकचकीत टाइल्स. तिथे त्याच्यासारखं काही नाही. कापसाचा बोळा, हलका हात, मिनिटभरात साफ. घाई करायची, कारण ते ५६ अंशांनाच उकळतं, म्हणजे तुम्ही विचार करेपर्यंत उडून जातं. मोठा चिकटा असेल तर बोळा भिजवून त्यावर ठेवा आणि वरून वाटी उपडी घाला, वाफ अडून राहते.

डबा कुठल्या प्लास्टिकचा आहे हे कसं ओळखू?

उपडा करा. बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. २ किंवा ५ असेल तर डबा दणकट जातीचा, त्याला स्पिरिट आणि जपून ॲसिटोनही चालतं. मसाल्याचे, फ्रीजचे बरेचसे डबे ५ नंबरचे असतात. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, तिथे तेल आणि स्पिरिटवर थांबा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे 'इतर', त्यात काहीही असू शकतं. ६, ७ किंवा आकडाच नाही, तर फक्त तेल.

५ नंबरच्या डब्यासाठी उलटी युक्तीही चालते: अर्धा तास फ्रीजरमध्ये. गार झाल्यावर गोंद कडक होऊन कधीकधी पापुद्र्यासारखा उडतो. दर वेळी नाही, पण फुकट आहे, करून बघायला हरकत नाही.

कोविडच्या वेळचं सॅनिटायझर बाटल्याच्या बाटल्या पडून आहे. त्याचा उपयोग होईल?

उत्तम होईल. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं, ते ॲक्रिलिक गोंदाला मऊ करतं. उलट जेलवालं सॅनिटायझर जास्त सोयीचं, कारण ते घसरत नाही, जागेवर टिकतं. पाच मिनिटं ठेवून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. केमिस्टकडे मिळणारं सर्जिकल स्पिरिट त्याहून जोरकस.

फ्रेंच पॉलिश केलेल्या लाकडाला मात्र दोन्ही वर्ज्य. ते पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेली असते. सॅनिटायझरची बाटली जुन्या टेबलावर ठेवून ठेवून पांढरे गोल उमटलेली घरं २०२० नंतर मी किती पाहिली. सनमायकाला काही होत नाही.

व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट? व्हिडिओत तर सगळे हेच दाखवतात.

व्हिनेगर म्हणजे बहुतांशी पाणी. खळीच्या किंवा डिंकाच्या लेबलावर ते काम करतं, पण तिथे साधं पाणीही करतंच. स्टिकरच्या गोंदाला त्याचं सोयरसुतक नाही.

लिंबाचा रस तसाच. सालाची गोष्ट वेगळी! लिंबा-संत्र्याच्या सालात जे तेल असतं त्यात लिमोनीन भरपूर, आणि ते रबरी गोंदाचं चांगलं द्रावक आहे. संत्र्याची साल फुग्याजवळ पिळली की फुगा फुटतो, तो याच कारणाने. नागपुरी संत्र्याच्या दिवसांत सालाची बाहेरची बाजू चिकट्यावर पिळून चोळून बघा. फक्त ६ नंबरच्या प्लास्टिकवर नको, लिमोनीन थर्माकोललाही विरघळवतं. निलगिरीचं तेलही याच कुळातलं, आणि सर्दीच्या निमित्ताने घरात असतंच.

खायचा सोडा विरघळवत काही नाही, तो बारीक रवाळ आहे एवढंच. पण सोडा आणि खोबरेल समसमान घेऊन केलेला लेप खरंच चांगला चालतो, तेल गोंद सोडवतं आणि सोडा तो खेचून नेतो. टूथपेस्टचंही तेच, पण सोडा स्वस्त.

काचेच्या बरण्या स्वच्छ करायच्या आहेत, वीस-पंचवीस एकदम.

मग एकेकीला तेल लावत बसू नका. बादलीत कोमट पाणी, भांड्याचा साबण, मूठभर धुण्याचा सोडा, त्यात बरण्या रात्रभर बुडवून ठेवा. जॅम-सॉसच्या बऱ्याच बरण्यांची कागदी लेबलं सकाळी आपोआप तरंगत असतात, कारण त्यांचा गोंद पाण्याने सुटणारा असतो. उरतील त्या पाच-सहा हट्टी. त्यांना तेल किंवा ॲसिटोन. काचेला ओरखड्याची भीती कमी, दाढीच्या ब्लेडने तिरकं खरवडता येतं, काच ओली ठेवून. साध्या काचेच्या गार बरणीत एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकते. आमच्या एका पाहुण्यांनी ओट्यावर अख्खी फोडली होती.

झाकणाच्या आत स्टिकर नसतोच, पण बरणीच्या तोंडाशी लोक रॉकेल-थिनर लावतात ते नको. खाण्याच्या वस्तू जिथे लागतात तिथे तेलच.

स्टिकर काढायचा राहून गेला आणि भांडं तसंच गॅसवर चढलं. आता काळा डाग पडलाय.

घरोघरी होतं. बुडाचा स्टिकर जळून गेला की तो गोंद उरत नाही, कोळसा होतो, आणि कोळशाला ना तेल विरघळवू शकत ना ॲसिटोन. तिथे घासण्यालाच पर्याय नाही. डाग बुडेल असं मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, दोन-तीन चमचे खायचा सोडा टाकून पंधरा मिनिटं उकळा, निवल्यावर नारळाच्या काथ्याने आणि सोड्याच्या लेपाने घासा. दोन-तीन खेपा लागतील. ॲल्युमिनियमचं भांडं सोड्यात उकळू नका, ते काळं पडतं. त्या दिवशी शिजलेलं अन्न टाकून द्यायचं कारण नाही, स्टिकर बाहेरून होता. वास बसला असेल तर खिडक्या उघडा.

नॉनस्टिक तव्याच्या मधोमध लावलेला स्टिकर हा एक वेगळाच छळ आहे. जिथे काही चिकटू नये म्हणून पैसे मोजले, नेमकं तिथे. फक्त तेल आणि बोट, फार तर लाकडी उलथणं. रिकामा तापवू नका, खरवडू नका. बिडाच्या तव्याला खुशाल तेल लावा, पुढे तेलातच वाढायचंय त्याला. पोळपाट-लाटणं, रवी, लाकडी पळी यांनाही ऊब आणि खोबरेल. लाकडाला तेल पाजायला निमित्तच.

पुस्तकावरचा किमतीचा स्टिकर?

चकचकीत आवरण असेल तर हेअर ड्रायरची ऊब आणि सबुरी, मग कापसाला जेमतेम ओल येईल एवढं स्पिरिट, कडेपासून आत. आधी कोपऱ्यात तपासायचं, छपाईचा रंग येत नाही ना.

आवरण साधं, खरखरीत कागदाचं असेल तर तेल लावू नका. कागद तेल पितो आणि वडापावच्या कागदासारखा अर्धपारदर्शक डाग कायमचा राहतो. लायटरमध्ये भरायचं द्रव, जे लगेच उडून जातं आणि डाग ठेवत नाही, ते थेंबभर, उघड्या खिडकीत. उरलेला चिकटपणा खोडरबराने गोळा करा, आणि शेवटचा अंश जात नसेल तर त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून विषय संपवा, निदान शेजारचं पुस्तक चिकटणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या पोथीवर कुणीतरी लावलेली पिवळी सेलोटेप मात्र घरी सोडवायला जाऊ नका. तो गोंद कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो, टेपबरोबर अक्षरं येतात.

नव्या शर्टवरचा 'एल'चा स्टिकर काढायला विसरले, धुऊन इस्त्रीही झाली.

उलट्या बाजूने तेल मुरवा, अर्ध्या तासाने टूथब्रशने घासा, मग भांड्याच्या साबणाने तेल काढून नेहमीसारखं धुवा. सुती असेल तर स्पिरिटही चालतं. रेशमी साडी ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग कशाचा आहे ते त्याला सांगा. ॲसिटेटच्या अस्तरावर ॲसिटोन लावलंत तर कापडाला भोक पडेल, डाग अर्थातच जाईल.

बाथरूमच्या आरशावर टिकल्यांचे ठसे आहेत. आणि टिकली काढल्यावर कपाळ चिकट राहतं.

आरशासाठी सॅनिटायझर आणि जुनं कार्ड. आरशाच्या कडेला द्रव साचू देऊ नका, मागचा मुलामा काळा पडतो.

कपाळाची गोष्ट थोडी गंभीर आहे. टिकलीच्या गोंदात कधीकधी पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं आणि त्यामुळे काही जणींना टिकलीच्या जागी त्वचेचा रंग जाऊन पांढरा ठिपका पडतो. त्वचारोगतज्ज्ञांना हे चांगलं माहीत आहे. तेव्हा रोज रात्री टिकली काढायची, गोंद खोबरेलाने पुसायचा, स्पिरिट किंवा रिमूव्हर कपाळाला लावायचं नाही. खाज किंवा फिकट डाग दिसला तर टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शननंतरच्या चिकटपट्टीचे काळे चौकोनही तेलानेच जातात. बाळाच्या अंगावर तर दुसरं काहीही नको.

गाडीच्या काचेवर जुना फास्टॅग, त्यावर नवा. जुन्याचा गोंद कसा काढू?

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं. टॅग काढताना फाटतो आणि फाटलेला पुन्हा चालत नाही, म्हणून आधी जुना खरंच बंद झालाय ना ते बघा. मग आतून हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं, प्लास्टिकच्या कार्डाने सोलणं, उरलेल्या चिकट्याला स्पिरिट. डॅशबोर्डवर जुना टॉवेल पसरा, थेंब पडले तर डाग राहतील. मागच्या काचेवर तांबूस आडव्या तारा असतात त्या धुकं घालवायच्या. तिथे ब्लेड फिरवलंत की त्या तुटल्या. बाहेरच्या रंगावर थिनर नको, डब्ल्यूडी-४० (गंजलेल्या स्क्रूवर मारतात तो तेलकट फवारा) किंवा तेल, आणि नंतर शाम्पूने धुणं.

भिंतीवर लावलेले हुक, कपाटावरची डबलटेप, लॅपटॉप?

भिंतीला ऊब आणि दोरा. हेअर ड्रायरने गरम करून हुकामागे पतंगाच्या नाहीतर नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखं कापा. डिस्टेंपरला तेल लावलंत तर तो डाग पुढच्या रंगातूनही वर येतो. लॅपटॉप बंद करून, द्रव कापसावर घेऊन, थेट त्यावर न ओतता. त्याच्या आणि फ्रीजच्या मागचा मॉडेल नंबरचा स्टिकर काढू नका, वॉरंटीला लागतो. फ्रीजच्या दर्शनी बाजूची, वीजबचतीचे तारे छापलेली पट्टी हवी तर काढा.

सफरचंदावरचा स्टिकर?

सोलून टाका, तेवढी साल कापा. इथे द्रावकाचं नावही नको.

वापरलेले बोळे, उरलेलं द्रव यांचं काय करायचं? आणि लहान मुलं आहेत घरात.

बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. बोळे गॅलरीत सावलीत पसरून पूर्ण सुकवा, मग कचऱ्यात. ब्लीच किंवा ब्लीचवालं फिनेल याच वेळी वापरू नका: ब्लीच आणि ॲसिटोन एकत्र आले की क्लोरोफॉर्म तयार होऊ शकतं, ब्लीच आणि व्हिनेगरमधून क्लोरीन वायू.

आणि मुलांबद्दल. रॉकेल, थिनर, स्पिरिट कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेलं मूल रंग बघत नाही, बाटली बघतं. प्यायलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसांत गेल्यावर जास्त घातक, आणि उलटी करताना ते तिथेच जातं. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

बाजारातला तयार स्टिकर रिमूव्हर स्प्रे घ्यावा का?

दुकान असेल, रोज पन्नास वस्तूंवरचे स्टिकर काढायचे असतील तर घ्या. आत बहुधा लिमोनीन किंवा पेट्रोलियमजन्य द्रावकच असतं, पण फवाऱ्यामुळे हात वाचतो. वर्षाकाठी वाणाच्या दहा वाट्यांसाठी खोबरेलाची बाटली पुरते, आणि उरलेलं डोक्याला लावता येतं.